जळालेला रेझिस्टर बदलला तरी पुन्हा जळतो, तेव्हा बघायचं कुठे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात दुरुस्तीचं नवीन दुकान टाकलंय. एका गिऱ्हाइकाच्या सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा सप्लाय आला, वळवाच्या पावसात वीज कडाडली त्या रात्रीपासून बंद. उघडून बघितलं तर २३० व्होल्ट आत येतात त्या लाईनीतला २.२ ओहमचा रेझिस्टर (करंटला अडवणारा पार्ट) काळाठिक्कर आणि मॉसफेट (करंट झपाट्याने चालू-बंद करणारा स्विच) शॉर्ट. दोन्ही बदलले, सेट आठवडाभर चालला, परत तेच. मग हा रेझिस्टर लेचापेचा आहे म्हणून त्याच किमतीचा, म्हणजे तेवढ्याच ओहमचा, ५ वॅटचा सिमेंटचा लावला. या खेपेला रेझिस्टर शाबूत राहिला, पण एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजचा डायोड फुटला आणि बोर्डाचा ट्रॅक, म्हणजे तांब्याची पट्टी, उडाला. आता शेजारचे जाणते म्हणतात, बोर्डावरचे सगळे रेझिस्टर बदल. आणि तुम्ही विचारताय की बाजारात माल बोगस येतोय का, रेझिस्टरवर भरवसा ठेवायचा तरी किती.

बोगस माल येतो, त्याबद्दल दुमत नाही. पण तुमच्या बोर्डात दोष मालाचा नाही. जो काळा पडला तो बहुधा निर्दोष आहे आणि जो अजून नवाकोरा दिसतोय त्याच्यावर संशय घ्यायला पाहिजे. उरलेलं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवतीच आहे.

आधी हिशेब करू. १२ व्होल्ट १ अँपिअर म्हणजे १२ वॅट. सप्लायची स्वतःची गळती धरून लाईनीतून १५ वॅट ओढले जातात असं धरा. २३० व्होल्टला हा करंट ०.०७ अँपिअरच्या आसपास, कंडेन्सर झटक्याझटक्याने भरतो म्हणून प्रत्यक्षात दुपटीच्या जवळपास. ०.१३ अँपिअर धरला तर २.२ ओहममध्ये उष्णता किती? करंटचा वर्ग गुणिले ओहम, म्हणजे ०.०४ वॅटसुद्धा होत नाही. १ वॅटचा रेझिस्टर ०.०४ वॅटला जळेल कसा? जळणारच नाही. तो जळला याचा अर्थ त्याच्यातून भलताच करंट गेला, आणि तो करंट ओढणारा त्याच्यापुढे बसलाय. ब्रिजचा डायोड, मोठा कंडेन्सर, मॉसफेट, या तिघांपैकी कोणीतरी शॉर्ट झाल्याशिवाय हे होत नाही. तुमचा मॉसफेट शॉर्ट निघाला, म्हणजे सरळ साखळी लागली.

आता त्या सिमेंटच्या रेझिस्टरबद्दल. तुम्ही मला काका म्हणालात, म्हणून स्पष्टच सांगतो: हे परत करू नका. लाईनीतला तो बारका रेझिस्टर बहुतेक वेळा फ्युजिबल असतो. शॉर्ट झाला की पेट न घेता आपण ओपन व्हायचं, म्हणजे आतून तुटायचं, आणि पुढचं वाचवायचं, हेच त्याचं काम. त्याच्या जागी दणकट रेझिस्टर बसवला की फ्यूजचं काम दुसरं कोणीतरी करतं. तुमच्याकडे डायोडने आणि ट्रॅकने केलं. एखाद्या घरात ते वायरीने केलं असतं. फ्युजिबलच्या जागी फ्युजिबलच लावायचा, तेवढ्याच ओहमचा, तेवढ्याच वॅटचा. मिळत नसेल तर गिऱ्हाइकाला चार दिवस थांबवायचं, बेळगावहून मागवायचा.

मग मॉसफेट दोनदा का गेला? इथे खरी गंमत आहे. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीजवळ, म्हणजे लाईनीच्या बाजूच्या वेटोळ्याजवळ, बघा. एक फास्ट डायोड, एक बारका हाय व्होल्टेज कंडेन्सर आणि त्या कंडेन्सरला समांतर एक धष्टपुष्ट रेझिस्टर, बहुतेक १०० के (किलो-ओहम), १ किंवा २ वॅटचा. कुठे एकाऐवजी दोन समांतर असतात. मॉसफेट बंद होतो त्या क्षणी ट्रान्सफॉर्मर उलटा फटका मारतो. तो फटका डायोडमधून कंडेन्सरमध्ये जातो आणि हा १०० के त्याची उष्णता करून टाकतो. रोजचं काम, सतत गरम. त्याच्याखालचा बोर्ड तपकिरी झालेला दिसेल. वर्षानुवर्षं भाजून याची किंमत चढत जाते. १०० केचा ३०० के होतो, ६०० के होतो, एक दिवस ओपन. अंगावरचे किंमत सांगणारे रंगीत पट्टे मात्र स्वच्छ, तडा नाही, डाग नाही. किंमत चढली की कंडेन्सर रिकामा व्हायला सवड मिळत नाही, त्यातले व्होल्ट वाढत जातात आणि मॉसफेटच्या ड्रेन या पायावर ६००-६५० व्होल्टची मर्यादा ओलांडली जाते. नवा मॉसफेट एखादा दिवस ओढतो, एखादा आठवडा ओढतो आणि मरतो. मरताना शॉर्ट होतो, २.२ ओहमला घेऊन जातो. तुमच्या दुकानात हेच घडलं असावं असा माझा अंदाज आहे.

अंदाज म्हणतोय, कारण बोर्ड माझ्यासमोर नाही. पहिला घाव विजेनेच घातला असेल हे शक्य आहे. लाईनीवर निळी चकती, म्हणजे जादा व्होल्ट स्वतःवर घेणारा एमओव्ही, असेल तर ती फुटली का, तिला तडा गेला का ते बघा. तुमच्या भागात न्यूट्रल सुटायची तक्रारही नवीन नाही. थ्री फेज लाईनीचा न्यूट्रल सुटला की एखाद्या घरात ३५०-४०० व्होल्टही येऊन पडतात, मग तिथे रेझिस्टरच काय, कोणीच वाचत नाही. गिऱ्हाइकाला विचारा: त्या रात्री घरातलं अजून काय गेलं? बल्ब, फॅनचा रेग्युलेटर, शेजाऱ्याचा टीव्ही? एकटा सेट-टॉप बॉक्सच गेला असेल तर विजेवर सगळं खापर फोडू नका. आणि एकदा बदलून आठवडाभर चालून परत गेला, हे तर आतल्या दुखण्याचंच लक्षण.

आता मोजायचं कसं. आधी मोठा कंडेन्सर रिकामा करा. २३० व्होल्ट एसीचे ब्रिजनंतर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात, आणि सप्लाय चालू झालाच नाही तर ते कंडेन्सरमध्ये तसेच बसून राहतात, प्लग काढून तुम्ही चहा पिऊन आलात तरी. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय लावून घेऊ नका. ठिणगीने कंडेन्सरही बिघडतो आणि डोळ्यालाही धोका. २.२ के, १० वॅटच्या रेझिस्टरला दोन वायरी जोडून ठेवा आणि तो काही सेकंद लावून धरा. मग मीटरवर शून्य बघा आणि नंतरच ओहमची रेंज लावा. कंडेन्सरमध्ये थोडेसे व्होल्ट उरले तरी ओहमचं रीडिंग वाट्टेल ते येतं.

रेझिस्टर बोर्डावर असतानाच मीटर लावला तर काय कळतं? याबद्दल बराच गोंधळ असतो, आणि खरं म्हणजे इथेच सगळ्यात जास्त वेळ वाचतो. बोर्डावर त्याला समांतर दुसऱ्या वाटा असतात. समांतर वाट असली की रीडिंग खाली येतं, कधीही वर जात नाही. म्हणून पट्ट्यांवर १०० के लिहिलंय आणि मीटर ४० के दाखवतोय, तर काहीच निष्कर्ष काढू नका. एक पाय सोडवून परत मोजा. पण पट्ट्यांवर १०० के आणि मीटर २५० के दाखवतोय, तर पाय सोडवायची गरजच नाही. तो गेला. टॉलरन्सचा, म्हणजे किती फरक चालतो ते सांगणारा, सोनेरी पट्टा असेल तर पाच टक्के सोडा, ज्याचं रीडिंग त्याच्यावर जातं तो प्रत्येक रेझिस्टर बोर्डावरच पकडता येतो. पाच मिनिटांत अख्ख्या बोर्डावरून मीटर फिरवून होतो.

त्या १०० केच्या बाबतीत एक बारकावा आहे. त्याला समांतर डायोड आणि प्रायमरीची वाट आहे. मीटरच्या प्रोब एका दिशेने लावल्या तर डायोड पुढे वाहतो आणि रीडिंग भलतंच कमी येतं. प्रोब उलट्या करा आणि दोन्हीपैकी जास्त येईल ते धरा. आकडा हलत असेल तर घाई नको. स्थिर होईपर्यंत थांबा. तो १०० केच्या वर जाऊन थांबला किंवा चढतच राहिला, तर चोर सापडला.

मेगच्या (दहा लाख ओहमच्या) रेंजमध्ये मोजताना दोन्ही प्रोबची टोकं बोटांनी धरू नका. अंगही समांतर जातं, पावसाळ्यात दमट हाताने तर जास्तच. आणि ०.२२ किंवा ०.४७ ओहम मोजताना आधी प्रोब एकमेकांना टेकवून बघा. वायरींचेच दोन-तीन दशांश ओहम येतात, ते वजा करा. मॉसफेटच्या सोर्स या पायाला असा बारक्या ओहमचा रेझिस्टर असतो, तो करंट मोजतो. मॉसफेट शॉर्ट झाला की हा बऱ्याचदा त्याच्याबरोबर जातो, आणि त्याच्याही मागे, मॉसफेटला चालवणाऱ्या आयसीच्या करंट मोजायच्या पायाला जाणारा १ केच्या आसपासचा. मॉसफेट बदलताना हे दोन्ही न तपासता सप्लाय लावणं म्हणजे तिसरा मॉसफेट विकत घेण्याची तयारी.

तुमचा मोठा प्रश्न, सगळे बदलू का? नको. रेझिस्टर हा बोर्डावरचा सगळ्यात इमानदार पार्ट आहे. माझ्या टेबलावर येणाऱ्या बोर्डात आधी फुगलेले किंवा सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, मग ड्राय सोल्डर (सुटलेला टाका) आणि कनेक्टर, मग डायोड-ट्रान्झिस्टर, आणि रेझिस्टर त्यानंतर. तीस-चाळीस रेझिस्टर काढून लावताना स्वस्तातल्या बोर्डाचे चार ट्रॅक तुम्हीच उचलाल, दोन ठिकाणी किंमत चुकेल, आणि मूळ दुखणं कशात होतं ते कधीच कळणार नाही. बदलायचेच तर तीन जातींचे तपासा: लाईनीतले आणि सोर्सचे बारक्या ओहमचे, सतत तापणारे, आणि मोठ्या किमतीचे जे मोठ्या व्होल्टवर बसलेत.

ही तिसरी जात जास्त फसवते. आयसीला सुरुवातीचा करंट द्यायला ३२५ व्होल्टपासून दोन-तीन मोठ्या किमतीचे रेझिस्टर माळेत लावलेले असतात. सगळे मिळून १ मेग धरा. उष्णता ०.१ वॅट, म्हणजे पाव वॅटचा एकच पुरला असता. मग दोन का? कारण पाव वॅटच्या कार्बन फिल्म रेझिस्टरला साधारण २५० व्होल्टपर्यंतच चालवायचं असतं. वॅटची मर्यादा वेगळी, व्होल्टची वेगळी. दोनपैकी एक ओपन झाल्यावर दोन्ही काढून १ मेगचा एकच लावलेले बोर्ड माझ्याकडे येतात. चार-सहा महिने चालतात आणि परत येतात. बोर्डावर सपाट बसणाऱ्या बिनपायांच्या चिप रेझिस्टरमध्ये तर हे आणखी जपायचं. १२०६ मापाचा २०० व्होल्ट, ०८०५ मापाचा १५० व्होल्ट, असा साधारण हिशेब आहे. ही माळ तुटली की लक्षण ठरलेलं: फ्यूज चांगला, कंडेन्सरवर ३०० च्या वर व्होल्ट, आऊटपुट शून्य. आणि तोच तो झटका देणारा कंडेन्सर.

झटका म्हटल्यावर आठवलं. तुमच्या भागात गवे आणि रानडुकरांसाठी लावतात ती झटका मशीनसुद्धा दुकानात येत असणार. तिच्यात १२ व्होल्टच्या बॅटरीवरून काहीशे व्होल्ट तयार करून कंडेन्सर भरतात आणि तो एससीआर नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून आऊटपुटच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ओततात. टिकटिक संथ झाली अशी तक्रार आली आणि बॅटरी चांगली असली, तर टायमिंगचा मोठ्या किमतीचा रेझिस्टर चढलाय का बघा. शेतातल्या खांबावर वर्षभर राहून आत ओल, मुंग्या, पालीची घाण, सगळं असतं. तिथे उलटंही होतं: रेझिस्टर बरा असतो पण बोर्डावरच्या ओल्या घाणीतून समांतर गळती होते. आधी आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) ब्रश मारून धुवा, उन्हात वाळवा, मग मोजा.

ओलीचा विषय निघालाच आहे, तर बेळगाव शहरात टिकणारा बोर्ड कणकुंबी-जांबोटीकडे टिकेल असं नाही. तिकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगणार. जुन्या रेडिओ-अँप्लिफायरमधले कार्बन कॉम्पोझिशनचे जाडे रेझिस्टर ओल धरून किंमत बदलतात. ते निघालेच तर सरसकट मेटल फिल्म लावा, मला त्यात काही पाप वाटत नाही. पण हल्लीच्या बोर्डात ओलीपेक्षा मला गोंदाचा जास्त राग येतो. कंडेन्सर हलू नये म्हणून कारखान्यात पिवळा गोंद ओतलेला असतो. तो तापून तपकिरी झाला की करंट वाहू लागतो आणि रेझिस्टरचे पायही खातो. तुमच्या सप्लायमध्ये असा गोंद रेझिस्टरच्या पायांना चिकटलेला असेल तर आधी खरवडून काढा.

चिकोडी, अथणी, गोकाककडच्या साखर कारखान्यांतले बोर्ड माझ्याकडे येतात, त्यांचं दुखणं आणखी निराळं. रस स्वच्छ करायला गंधक जाळतात, शिवाय मळीच्या नि सांडपाण्याच्या वासात गंधकाचे वायू असतात. चिप रेझिस्टरच्या टोकाखाली चांदीचा थर असतो. गंधकाने ती चांदी काळी पडून संपते आणि रेझिस्टर ओपन होतो. भिंगातून टोकाशी काळी रेघ किंवा बारीक सुया दिसतात. तिथे एक बदलून भागत नाही, त्या ओळीतले बाकीचेही त्याच वाटेवर असतात. हल्लीच्या बोर्डांत सगळे बदलायचा सल्ला मी देतो तो फक्त अशांना. तुमच्या सेट-टॉप बॉक्सला तो लागू नाही.

एक लक्षण आणखी सांगतो, कारण इथे नुकसान दुसऱ्याच वस्तूचं होतं. आऊटपुटच्या बाजूला टीएल ४३१ असतो, ट्रान्झिस्टरसारखा तीन पायांचा, आऊटपुटचे व्होल्ट ठरलेल्या जागी धरून ठेवणारा. त्याला दोन रेझिस्टर आऊटपुटचे व्होल्ट सांगतात. वरचा ३९ के, खालचा १० के असेल तर आऊटपुट २.५ गुणिले ४.९, म्हणजे १२.२५ व्होल्ट. वरचा चढून ४७ के झाला तर तेच १४.२५ होतात. सप्लाय चालू दिसतो, दिवा लागतो आणि सेट-टॉप बॉक्स भाजतो. म्हणून सप्लाय सुरू झाला की बॉक्सला जोडायच्या आधी व्होल्ट मोजायचेच, बिनलोडचेही आणि लोडवरचेही. लोड म्हणून १५ ओहम, २० वॅटचा रेझिस्टर ठेवा. १२ व्होल्टला ०.८ अँपिअर ओढतो.

जळून पट्टे दिसत नसतील तर अंदाजाने काही लावू नका. फिल्म रेझिस्टर बहुधा एकाच जागी तुटलेला असतो. वरचा रंग चाकूने हलका खरवडा, एका टोकापासून तुटलेल्या जागेपर्यंत मोजा, मग दुसऱ्या टोकापासून. दोन्हींची बेरीज मूळ किमतीच्या जवळ येते. जवळची प्रमाणित किंमत धरा. हे फक्त कडेने जळलेल्याला चालतं, कोळसा झालेल्याला नाही. आणि तापलेल्या रेझिस्टरचा लाल पट्टा तपकिरी दिसतो, नारिंगी लाल दिसतो, दुकानातल्या पिवळट दिव्यात तर हमखास. मालाचंही तेच. बाजारातून आणलेल्या पाकिटातला प्रत्येक रेझिस्टर लावायच्या आधी मीटरवर टेकवून बघायचा. दोन सेकंद लागतात, आणि बोगस मालाची तुमची शंका तिथल्या तिथे फिटते.

आता तुमच्या बोर्डाला क्रमाने असं करा. सिमेंटचा काढा, त्या जागी २.२ ओहमचा फ्युजिबल लावा, तुटलेला ट्रॅक जाड तांब्याच्या वायरीने जोडा. ब्रिजचे चारही डायोड, मॉसफेट, सोर्सचा रेझिस्टर, आयसीच्या पायाचा रेझिस्टर तपासा. मग तो १०० के, दोन्ही दिशांनी. त्याच्या शेजारचा डायोडही बदलून टाका. साधा १एन४००७ न लावता तिथे मुळात असेल तोच फास्ट डायोड. १०० के बदलताना २ वॅटचा मेटल ऑक्साइड घ्या आणि बोर्डापासून चार-पाच मिलिमीटर उंच उभा करा, खालून हवा जायला पाहिजे. सगळं बसलं की ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावून सप्लाय द्या. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. बल्ब क्षणभर लागून मंद झाला तर ठीक. भक्क लागून राहिला तर अजून शॉर्ट आहे, ताबडतोब काढा.

त्या १०० केचं रीडिंग किती आलं ते नक्की कळवा. चढलेला निघाला तर तुमचं काम झालं. बरोबर १०० के निघाला तर माझा अंदाज चुकला, मग डायोडचा नंबर आणि मॉसफेटचा नंबर लिहा. मॉसफेट कमी व्होल्टचा बसवला गेला होता का, तिथून पुढे बघू.